न ऐकलेली ओळ

ते साल एकोणीसशे चौसष्ट. नक्की आठवतं, कारण त्याच वर्षी मी रेडिओ केंद्रावर कायम झाले, त्याच वर्षी मला चष्मा लागला आणि त्याच वर्षी नदीकाठचं आमचं गाव एका मंगळवारी सकाळी बावीस सेकंदांत जमीनदोस्त झालं. मन कसं असतं पाहा. चष्मा आणि भूकंप एकाच दोरीवर वाळत घालतं. पण मला सांगायचंय ते मंगळवारचं नाही, शुक्रवारचं. शुक्रवारी सकाळी दहा वाजता तालमीच्या खोलीत वाद्यवृंदाच्या मास्तरांनी एक प्रश्न विचारला आणि माझा हात वर गेला. मी तो वर केला असं मला आजही म्हणवत नाही. वर्गात उत्तर येत असलं की मुलीचा हात जसा जातो तसा गेला. बोटांना शाई होती आणि वाद्यवृंदातली चाळीस माणसं वळून माझ्याकडे बघत होती. प्रश्न असा होता: नदीपलीकडच्या देशाचं राष्ट्रगीत इथे कुणाला येतं का?

आज हा प्रश्न कुणी विचारला तर कुणी मान वर करून बघणारही नाही. तेव्हा पलीकडच्यांशी झालेल्या युद्धाला नऊ वर्षं झाली होती आणि नदीवरचा पूल तेव्हापासून बंद होता. दोन्ही टोकांना काटेरी तार, मधे गवत. त्यांचं नाव रेडिओवर घ्यायचं नाही असा लेखी हुकूम होता. हवामानाच्या बातम्यांतसुद्धा वारा 'वायव्येकडून' यायचा, त्यांच्याकडून नाही. आणि भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी त्यांचीच तार आली. आम्हाला दुःख झालं आहे, आमचा वाद्यवृंद पाठवतो, तुमच्या आणि आमच्या वादकांनी मिळून मृतांसाठी वाजवावं, दोन्ही देशांच्या रेडिओवर ते जावं. परराष्ट्र खात्यातून एक गृहस्थ ती तार घेऊन आले होते. उंच, स्वच्छ, कोटाची सगळी बटणं लावलेले. वादकांनी पहिल्या पाच मिनिटांत त्यांचं नाव 'शिष्टाचार' ठेवून टाकलं. आमचा क्लॅरिनेटवाला फटकळ, तो म्हणाला, "साहेब, माणसं ढिगाऱ्याखाली आहेत. त्यांना क्रेन पाहिजे. व्हायोलिन काय करायचंय?" शिष्टाचारांनी चष्मा पुसला. "ट्रकच्या आधी व्हायोलिन येतं," ते म्हणाले. "व्हायोलिन मानाने आलं आणि मानाने परत गेलं, की मागून ट्रक येतो. क्रेन, डॉक्टर, सगळं पुलाच्या पलीकडे उभं आहे. उघडा असं कुणी कुणाला म्हणायचं, एवढंच ठरत नाहीये."

माझा हात वर गेला तो या वाक्यामुळे. आदल्या दिवशी मला गावाकडून निरोप मिळाला होता: आई जिवंत आहे, खुब्याचं हाड मोडलंय, शाळेच्या मैदानात तंबूत आहे, ताप येतोय. राजधानीकडून जाणारा रस्ता तीन ठिकाणी खचला होता आणि तो साफ व्हायला तीन आठवडे लागणार होते. पूल ओलांडला तर पलीकडचं मोठं इस्पितळ सहा मैलांवर. सहा मैल. लहानपणी त्या इस्पितळाच्या छपरावरचा दिवा आमच्या खिडकीतून दिसायचा आणि माझा धाकटा भाऊ त्याला तारा म्हणायचा. तीन आठवडे आणि सहा मैल हे दोन आकडे माझ्या डोक्यात रात्रभर एकमेकांवर आपटत होते. सत्तावन्न वर्षांची बाई, ताप, तंबू. तीन आठवडे ती टिकणार नव्हती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"पाहुण्यांचं राष्ट्रगीत यजमानांनी वाजवायचं, यजमानांचं पाहुण्यांनी," शिष्टाचार सांगत होते. "हा क्रम चुकला तर ते स्टेशनावरूनच परत जातील." मास्तर म्हणाले, "मग त्यांच्याकडून स्वरलेखन मागवा की." शिष्टाचारांचा चेहरा पडला. मागवायचं म्हणजे आपल्याकडे नाही हे कबूल करायचं, आणि का नाही हेही सांगायचं. का नाही, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात त्यांच्या संगीताची सगळी पानं आणि तबकड्या तळघरातल्या बॉयलरमध्ये घालायचा हुकूम आला. मी नवी होते, स्वरलेखनाच्या नकला उतरवणारी, सगळ्यांत खालची. हातगाडी मीच ढकलली. पानं पटकन जळतात. तबकड्या आधी वाकतात, मग त्यांना बुडबुडे येतात आणि रस्त्यावरच्या डांबरासारखा वास सुटतो. वरच्या माणसाने माझी सही घेतली: सर्व साहित्य नष्ट. माझी सही तेव्हा फार सुंदर होती.

मास्तरांनी मला आपल्या खोलीत नेलं, दार लावलं. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांनी खुर्ची फिरवून उजवा कान माझ्याकडे केला. "म्हणा." मी गुणगुणले. ते पियानोवर एकेका स्वराला हात लावत गेले. मधेच थांबून म्हणाले, "तुम्हाला हे नुसतं येत नाही, तुम्हाला हे पाठ आहे. कुठे शिकलात?" मी म्हटलं, "लहानपणी वाऱ्यावरून तुकडे कानावर पडायचे, मास्तर. नदीच्या काठाला राहायचो." ते खरंच होतं, पण ते पुरतं खरं नव्हतं. लहानपणी कानावर पडलेलं असं पाठ होत नाही. पाठ झालं ते नंतर, युद्धात, जेव्हा पलीकडचा रेडिओ ऐकणं हा गुन्हा होता आणि त्याला दोन वर्षांची सजा होती. धाकटा एकोणीस वर्षांचा होता. पुलाच्या लढाईत गेला आणि बेपत्ता झाला. मेला असं कुणी म्हणेना, आहे असंही कुणी म्हणेना. कागद आला त्यावर 'बेपत्ता' एवढाच शब्द होता आणि आईने तो कागद तीनदा उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. मग तिला कुणीतरी सांगितलं की पलीकडचा रेडिओ रोज सकाळी सहा वाजता, राष्ट्रगीत झालं की, पकडलेल्या सैनिकांची नावं वाचतो. त्या दिवसापासून आईने रेडिओ कपाटातून काढून पलंगाखाली ठेवला, वर गोधडी, आणि सहा वाजता आम्ही दोघी जमिनीवर आडव्या पडून, डोकी गोधडीत घालून ऐकायचो. आधी ते गाणं. ते संपेपर्यंत आई माझं मनगट धरायची. मग नावं. मी सुट्टीला घरी असले की रोज, आणि मी नसताना ती एकटी. मी त्या गाण्याचा द्वेष करत नव्हते, प्रेमही करत नव्हते. डॉक्टरच्या दारावरची घंटा जशी आपण ऐकतो तसं मी ते ऐकलेलं होतं. युद्ध संपलं, कैद्यांची अदलाबदल झाली, नावं वाचायची थांबली. आई ऐकत राहिली.

यातलं मास्तरांना काही सांगितलं नाही. त्यांनी दोन दिवसांत गाणं वाद्या-वाद्यांत वाटून बसवलं, मी प्रत्येक वाद्याची नकल उतरवली. आमच्या धंद्यात तंतुवाद्यांच्या एका स्टँडवर दोन वादक बसतात आणि एकच पान बघतात, फुंकणाऱ्यांना ज्याचं त्याचं, म्हणून चाळीस माणसांना सव्वीस पानं. टाक बुडवायचा, टिपकागद फिरवायचा, पुढची रेघ. हात कामाला लागला की डोक्यातले आकडे गप्प बसतात. माणसं म्हणतात दुःखात काही सुचत नाही. मला तर फार स्पष्ट सुचत होतं: हे पान स्वच्छ निघालं पाहिजे, आईला पुलावरून न्यायचंय.

रविवारी सकाळी ते आले. मी सत्तावीस माणसं मोजली. नऊ वर्षं ज्यांना आम्ही राक्षस समजत होतो त्यांच्यातल्या दोघांना सर्दी झाली होती आणि एकाचा बूट फाटला होता. आल्याबरोबर भांडण निघालं ते पानं उलटण्यावरून. एका स्टँडवर दोघं बसले की त्यातला जो खालच्या मानाचा, त्याने वाजवणं थांबवून पान उलटायचं, ही जगभरची रीत. मिळून वाजवायचं तर प्रत्येक स्टँडवर एक त्यांचा, एक आमचा. मग उलटायचं कुणी? शिष्टाचार म्हणाले, "आमची माणसं त्यांची पानं उलटणार नाहीत." त्यांच्याकडचा राखाडी कोटातला अधिकारी आमच्याच भाषेत म्हणाला, "आमचीही नाहीत." दोघं वीस मिनिटं बोलले. तोवर आमचा क्लॅरिनेटवाला त्यांच्या क्लॅरिनेटवाल्याला हातवारे करत म्हणाला, "पहिलं तू, दुसरं मी. आणि थुंकी लावून उलटायचं नाही." तो हसला. साहेबलोकांना कळायच्या आत सगळ्या स्टँडांवर तसंच ठरून गेलं होतं.

त्यांच्याबरोबर त्यांची नकलनवीस होती. मी तिला नावाने ओळखायच्या आधी बोटाने ओळखलं. मधल्या बोटाच्या पेरावर टाकाने पडलेला घट्टा, त्यात मुरलेली शाई. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिने माझं बोट पाहिलं, मी तिचं. "किती पानं?" तिने विचारलं. तिची बोली ऐकून मी दचकले. ती आमच्या आईची बोली होती. ती पुलाच्या पलीकडच्या गावची निघाली. "सव्वीस," मी म्हटलं, "तुमची?" "अठरा. तुमचं गीत लांबलचक आहे बाई, संपता संपत नाही." मी तिला ताई म्हणायला लागले ते तिथूनच.

दुपारी बाराला तालीम सुरू झाली. कार्यक्रम चारला. पाहुणे समोरच्या खुर्च्यांवर मानाने बसले, मास्तरांनी काठी उचलली आणि आमच्या चाळीस जणांनी त्यांचं राष्ट्रगीत वाजवायला घेतलं. मी पडद्याच्या कडेला उभी होते. पानं स्वच्छ होती, सूर लखलखीत लागला होता, मला वाटलं, झालं. मग मी समोर पाहिलं. पाहुण्यांपैकी अर्धे उभे राहायला निघाले होते आणि अर्ध्यातच थांबले होते, गुडघे वाकलेले, चेहऱ्यावर गोंधळ. गीत संपलं. राखाडी कोटवाला सावकाश उठला आणि हातमोजे चढवू लागला. "पहिली ओळ गाळलीत," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "सगळ्या गीतात आमच्या देशाचं नाव एकदाच येतं, पहिल्या ओळीत. तेवढीच ओळ कापलीत. आम्ही तुमच्या मेलेल्यांसाठी आलो होतो." शिष्टाचार पांढरेफटक पडले. मास्तर माझ्याकडे बघत होते, उजवा कान पुढे करून, जणू मी काही बोलतच होते.

आणि मला कळलं. चूक कळली ती डोक्याला नाही, मनगटाला कळली, आई जिथे धरायची तिथे. आमचा रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा. बटण फिरवलं की तापायला पाव मिनिट लागायचं. आईला भीती, आवाज बाहेर जाईल, वीज खर्ची पडेल, कुणी येईल. म्हणून घड्याळात सहा वाजल्याशिवाय ती बटणाला हात लावायची नाही. सहाला बटण, मग घरघर, मग कुठूनतरी लांबून उगवल्यासारखं ते गाणं, मधूनच. शेकडो वेळा ऐकलं असेल, आणि त्याची सुरुवात मी एकदाही ऐकलेली नव्हती. मला तीच सुरुवात वाटत होती.

आता बोलायचं म्हणजे सगळं बोलायचं. नुसतं 'चुकलं' म्हटलं तर कुणी मानणार नव्हतं, नेमकी तीच ओळ कशी चुकते? आणि सगळं बोलायचं तर परराष्ट्र खात्याच्या माणसासमोर, चाळीस साक्षीदारांसमोर, आईचा गुन्हा आपल्या तोंडाने सांगायचा. तंबूत पडलेल्या, तापाने फणफणलेल्या बाईचा. मी किती वेळ उभी होते? लोक म्हणतात दोन-तीन सेकंद. त्या वेळात मी मनातल्या मनात आईला विचारलं, आणि ती नेहमीच्या वैतागाने म्हणाली, अगं विचारतेस काय, सांग की. मी चालत मास्तरांच्या चौथऱ्यापाशी गेले.

"चूक माझी आहे," मी आमच्या गावच्या बोलीत म्हटलं, कारण ताई ती भाषा समजेल हे माहीत होतं. "आमच्याकडे तुमची पानं नव्हती. युद्धात जाळली. मीच जाळली. हे मी आठवणीतून लिहिलंय. युद्धात आई आणि मी रोज सकाळी तुमचा रेडिओ ऐकायचो. गाणं झालं की तुम्ही कैद्यांची नावं वाचायचात. माझा धाकटा भाऊ पुलावर बेपत्ता होता. आमचा रेडिओ तापायला वेळ लागायचा. पहिली ओळ मी कधी ऐकलीच नाही."

ताईने ते सगळ्या वादकांसाठी त्यांच्या भाषेत सांगितलं. राखाडी कोटवाल्याचा एक हातमोजा चढलेला होता, एक हातात. त्याने या वेळी आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. ताई म्हणाली, "ते विचारतायत, नाव आलं का?"

"नाही आलं," मी म्हटलं.

तो बसला. हातमोजा काढून त्याने मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याची बोटं सरळ करत राहिला. त्यांच्या वादकांतला एक म्हातारा चेलोवाला काहीतरी पुटपुटला आणि दोघं-तिघं हसले, पण ते वाईट हसणं नव्हतं. ताईने मला सांगितलं, "तो म्हणतोय, आमच्याकडेही तेच रेडिओ." मग तिने बाह्या वर सारल्या. "चारला कार्यक्रम ना? सव्वीस पानं आहेत. डिंक आहे का तुमच्याकडे?"

आम्ही दोघी मास्तरांच्या टेबलावर बसलो. ती वाद्य-वाद्याची पहिली ओळ सांगत होती, मी पट्ट्या लिहीत होते, मास्तर स्वर जुळवून पुढे सरकवत होते आणि शिष्टाचार, कोट काढून, पट्ट्यांना डिंक लावत होते. त्यांना ते अजिबात जमत नव्हतं. डिंक कोपरापर्यंत गेला होता. "जास्त लावताय," ताई त्यांना म्हणाली, आणि त्यांनी निमूट ऐकलं. लिहिता लिहिता ती म्हणाली, "भावाचं नाव सांग. पूर्ण. आणि पलटणीचा आकडा." मी सांगितलं. तिने ते एका पट्टीच्या मागे लिहून पिशवीत टाकलं आणि लगेच म्हणाली, "हं, दुसरं व्हायोलिन."

चार वाजता डिंक ओलाच होता. हॉर्नवाल्याची पट्टी सुटून त्याच्या बाहीला चिकटली आणि त्याने ती बाहीवरून वाचून वाजवली. ती ओळ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. फार साधी होती. खाली सुरू होऊन चार पायऱ्या चढते, बस. पाहुणे उभे राहिले, सगळे एकदम, योग्य जागी. मग त्यांनी आमचं गीत वाजवलं, आणि मग दोघांनी मिळून ती संथ रचना, जिच्यासाठी सगळा खटाटोप होता. पाच दिवस आमच्या रेडिओवर फक्त मेलेल्यांच्या याद्या वाचल्या जात होत्या. निवेदकाचा आवाज चौथ्या दिवशी फुटला होता. लोकांनी याद्या ऐकताना रडायचं थांबवलं होतं. याद्यांपुढे रडता येत नाही, त्या नीट ऐकाव्या लागतात. त्या दुपारी पहिल्यांदा असं काहीतरी हवेत होतं की ज्यात नाव शोधायचं नव्हतं. मी खिडकीतून खाली पाहिलं. रेडिओच्या दुकानासमोर रस्ताभर माणसं उभी होती आणि पोलीस वाहनांना हात दाखवायचं विसरला होता. एक बाई दोन्ही हातांत पिशव्या धरून रडत होती, पिशव्या खाली ठेवायचं तिला सुचत नव्हतं. गाण्याने कुणाचं मेलेलं माणूस परत येत नाही. पण तोवर आम्ही सगळे दात आवळून बसलो होतो, आणि तीस मिनिटं कुणीतरी आमचे दात मोकळे केले.

पूल मंगळवारी उघडला. संगीतामुळे उघडला असं मी कधी म्हटलं नाही. शिष्टाचार मात्र आयुष्यभर तसंच म्हणत राहिले. आई अठराव्या ट्रकमधून पलीकडे गेली. तंबूत भोंग्यावर कार्यक्रम लावला होता. मी नंतर विचारलं, कसा झाला? म्हणाली, "चांगला झाला. मधे कुणीतरी फार खोकत होतं." सर्दीवाला तो, दुसऱ्या रांगेतला.

आता पुढचं सांगते आणि थांबते. शिष्टाचारांनी खात्याला अहवाल दिला, त्यात माझं आणि आईचं युद्धातलं ऐकणंही लिहिलं. लिहिणं त्यांचं काम होतं, आणि खाली त्यांनी शिफारसही जोडली की कारवाई करू नये. ती शिफारस कुणी वाचली नाही. आईला वयामुळे सोडलं, मला दोन वर्षं तळघरातल्या तबकड्यांच्या कोठारात बसवलं, बॉयलरच्या शेजारी. मी त्या दोन वर्षांत तिथल्या प्रत्येक तबकडीची यादी केली आणि प्रत्येक पानाची दुसरी नकल काढून वेगळ्या इमारतीत ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पुढे मास्तरांचा उजवा कानही निकामी झाला. शेवटची सहा वर्षं ते वादकांच्या कोपरांकडे बघून वाद्यवृंद चालवत आणि चूक झाली की बरोबर ओळखत. आमचा क्लॅरिनेटवाला त्यांच्या क्लॅरिनेटवाल्याच्या मुलीच्या लग्नाला गेला आणि तिथे दोघांचं पुन्हा भांडण झालं. पूल त्यानंतर दोनदा बंद झाला, दोनदा उघडला. सध्या उघडा आहे.

ताई परत गेल्यावर त्यांच्या रेडिओच्या दप्तरात बसली. तिला परवानगी मिळायला चौदा महिने लागले. मग तिचं पत्र आलं, नकलनवीसाच्या रेखीव अक्षरात. युद्धाच्या काळातली कैद्यांची प्रत्येक यादी तिने स्वतः वाचली होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही पान न गाळता. इस्पितळांच्या याद्याही. तिने लिहिलं होतं: तुझ्या भावाचं नाव कुठेच नाही. तो आमच्या हाती कधी आला नाही. तो पुलावरच गेला असणार, पहिल्याच दिवशी. मला हे लिहिताना वाईट वाटतं, पण मी नीट पाहिलं आहे.

मी ते पत्र आईला वाचून दाखवलं. तेव्हा ती माझ्याकडे शहरात राहायला आली होती, काठी घेऊन चालायची, आणि सकाळी सहाचा रेडिओ इथेही चुकवायची नाही. तिने चष्मा लावून पत्र स्वतःही वाचलं, मग घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाली, "बाईने काम चोख केलंय." दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर आली होती आणि घरात आवाज नव्हता. मी घाबरून तिच्या खोलीत गेले. आठ वाजून गेले होते. आई कुशीवर वळून, तोंड थोडं उघडं टाकून, गाढ झोपली होती.